बर्लिनची भिंत आणि नाशिकचा उंट

५ एप्रिल २०२४. कॅनडातील टोरोंटो शहराच्या ग्रेट हॉलमध्ये आव्हानवीरांच्या बुद्धिबळ स्पर्धेची, म्हणजे ‘कँडिडेट्स’ची, दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा तेथे दुपारचे अडीच वाजले होते. भारतात मध्यरात्रीचे बारा होत होते. दुकाने केव्हाच बंद झाली होती आणि कोपर स्थानकावर शेवटच्या गाड्यांची वेळ जवळ येत होती. अशा अवेळी महाराष्ट्रातील कित्येक घरांत मोबाइलच्या पडद्यावर एक पट उघडा होता. त्या पटावर काळी मोहरी नाशिकच्या विदित गुजराथीकडे होती आणि पांढरी मोहरी अमेरिकेच्या हिकारू नाकामुराकडे.

नाकामुरा म्हणजे जगातील पहिल्या चार-पाच खेळाडूंपैकी एक. त्यावेळी तो सलग ४७ डाव अपराजित होता. विदित आठ स्पर्धकांत तळाच्या बाजूला गणला जात होता. बुद्धिबळात पहिली खेळी पांढऱ्याची असते आणि या पातळीवर तेवढा पुढाकारही मोलाचा ठरतो. त्यामुळे काळ्या मोहऱ्यांनी बरोबरी साधली तरी विदितने चांगली कामगिरी केली, असेच सर्वांनी म्हटले असते.

अकराव्या खेळीला विदितने आपला उंट उचलला आणि नाकामुराच्या राजासमोरील एच३ या घरातील प्यादे घेतले. त्या प्याद्याला जी२ वरील प्याद्याचे संरक्षण होते. म्हणजे एका प्याद्याच्या मोबदल्यात अख्खा उंट देऊ केला होता. बुद्धिबळाच्या बाजारभावाने उंटाची किंमत तीन प्यादी. तीन देऊन एक घेण्याचा हा व्यवहार वरवर पाहता आतबट्ट्याचाच. परंतु राजाने किल्लेकोट करून ज्या तीन प्याद्यांच्या आड आसरा घेतलेला असतो, त्यांतील प्रत्येक प्याद्याची किंमत वेगळी लावावी लागते. जी२ वरील प्याद्याने उंट घेतला की राजासमोरचा दरवाजा उघडतो आणि काळ्याच्या वजिराला, घोड्याला व दुसऱ्या उंटाला आत शिरायला वाट मिळते. उंट न घ्यावा तर प्यादे फुकट गेलेले असते आणि उंट तेथेच ठाण मांडून बसलेला असतो. दोन्ही पर्याय कटकटीचे, आणि घड्याळ चालू.

२९व्या खेळीला डाव संपला. नाकामुराने हार मान्य केली. त्या दिवशी चारही पटांवर निकाल लागले, एकही बरोबरी झाली नाही. पण चर्चा झाली ती याच उंटाची.

या खेळीचे कौतुक ‘धाडस’ या एका शब्दात करून चालणार नाही. विदितने ती पटावर बसून ऐनवेळी शोधलेली नव्हती. ती घरून तयार करून आणलेली होती. आजच्या बुद्धिबळात डावाची सुरुवात, ज्याला खेळाडू ‘ओपनिंग’ म्हणतात, ती स्पर्धागृहात घडत नाही. महिनोन्‌महिने आधी, बंद खोलीत, संगणकासमोर आणि सहायकांच्या सोबतीने घडते. ती कशी घडते हे समजून घेण्यासाठी या विशिष्ट सुरुवातीचा इतिहास थोडा तपशिलात पाहणे उपयुक्त ठरेल.

पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलतो, काळाही तसेच करतो. पांढरा राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढून त्या काळ्या प्याद्यावर रोख धरतो. काळा वजिराच्या बाजूचा घोडा काढून प्याद्याचे रक्षण करतो. मग पांढरा आपला उंट बी५ वर नेऊन त्या रक्षक घोड्यावरच दबाव आणतो. या सुरुवातीला ‘स्पॅनिश’ किंवा ‘रुई लोपेझ’ म्हणतात. रुई लोपेझ हा सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मगुरू. त्याचा बुद्धिबळावरील ग्रंथ १५६१ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचारशेहून अधिक वर्षे ही सुरुवात खेळली जात आहे आणि अजून तिचा तळ लागलेला नाही. व्यापारी घराण्यांना ही चिवट परंपरा परकी वाटू नये.

तिसऱ्या खेळीला काळ्याने आपला दुसरा घोडा एफ६ वर काढला की ‘बर्लिन बचाव’ उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या खेळाडूंनी त्याचा अभ्यास केला म्हणून हे नाव. पुढे तो जुन्या वहीसारखा बाजूला पडला होता. नीरस, बचावात्मक, फार तर बरोबरी देणारा, अशी त्याची ख्याती होती.

तो पुन्हा बाहेर काढला व्लादिमिर क्रामनिकने. २००० साली लंडनमध्ये त्याची जगज्जेतेपदाची लढत गॅरी कास्पारोव्हशी झाली. पांढऱ्या मोहऱ्यांनी कास्पारोव्ह म्हणजे वादळ, अशी त्यावेळी धारणा होती. क्रामनिकने त्याच्यापुढे बर्लिन बचाव मांडला. त्या प्रकारात पांढरा किल्लेकोट करतो, काळ्याचा घोडा मधले प्यादे घेतो, पुढच्या चार खेळ्यांत मोहऱ्यांची देवघेव होते आणि आठव्या खेळीलाच दोन्ही वजीर पटावरून नाहीसे होतात. काळ्याच्या राजाला वजीर स्वतः घ्यावा लागल्याने त्याचा किल्लेकोट कायमचा जातो. शिवाय त्याची दोन प्यादी एकाच स्तंभात एकामागे एक अडकतात. ताळेबंदावर नजर टाकली तर सगळी देणी काळ्याच्याच बाजूला. परंतु वजीरच नसल्याने कास्पारोव्हच्या हल्ल्याचा मुख्य कारागीरच नाहीसा झाला होता आणि काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत होते. कास्पारोव्हने अनेकदा डोके आपटले, भिंत पडली नाही. त्या लढतीत त्याला एकही डाव जिंकता आला नाही आणि क्रामनिक ८.५ विरुद्ध ६.५ गुणांनी जगज्जेता झाला. तेव्हापासून ‘बर्लिनची भिंत’ हा बुद्धिबळातील रूढ शब्दप्रयोग बनला. बर्लिनमधील खरी भिंत त्याच्या ११ वर्षे आधीच पडली होती.

क्रामनिकनंतर सगळे जग बर्लिन खेळू लागले. तेव्हा पांढऱ्या मोहऱ्यांच्या खेळाडूंनीही तोडगा शोधला. वजिरांची देवघेव होऊच द्यायची नाही. डी-स्तंभातील प्यादे एकच घर पुढे सरकवायचे, मध्य बंद ठेवायचा आणि सावकाश डाव वाढवायचा. भिंतीवर चढण्याऐवजी तिला वळसा घालण्याचाच हा प्रकार. वजीर पटावर राहिले की दोन्ही बाजूंना हल्ल्याची शक्यता राहते. पांढऱ्याला वाटते, हल्ला आपण करू. टोरोंटोच्या त्या दुपारी हल्ला काळ्याने केला. बचावासाठी प्रसिद्ध असलेल्या सुरुवातीतून, भिंतीच्या आडून, उंट बाहेर आला आणि थेट राजाच्या अंगणात जाऊन बसला. नाकामुरासारख्या अनुभवी खेळाडूला धक्का बसण्याचे कारण हेच असावे. ज्या दुकानात आजवर फक्त सुती कापड मिळत होते, तेथे अचानक तलवार निघाली.

आता या तयारीचे अर्थकारण. खेळाडू आणि त्याचे सहायक संगणकाच्या मदतीने शेकडो शाखा तपासतात. त्यांतील बहुतेक शाखा कधीच पटावर येत नाहीत, कारण प्रतिस्पर्धी दुसऱ्या वाटेने जातो. गोदामात भरलेला बहुतांश माल तसाच पडून राहणार, हे आधीच ठाऊक असते, तरीही तो भरावाच लागतो. आणि ज्या दिवशी एखादी नवी खेळी पटावर येते, त्याच दिवशी ती जगजाहीर होते. डावाच्या नोंदी काही मिनिटांत जगभर पोहोचतात, प्रत्येकाचा संगणक तिचे उत्तर शोधू लागतो. अशी खेळी म्हणजे एकदाच वटणारा धनादेश होय. तो कोणाच्या नावे लिहायचा आणि कोणत्या दिवशी वटवायचा, हाच खरा निर्णय. विदितने तो नाकामुराच्या नावे, आव्हानवीर स्पर्धेत, दुसऱ्याच फेरीत वटवला. याहून योग्य वेळ क्वचितच मिळाली असती.

अर्थात प्रतिस्पर्ध्याच्या खिशातही धनादेश असतात. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, विदितकडे पांढरी मोहरी होती आणि समोर चेन्नईचा आर. प्रज्ञानंद. पुन्हा तीच स्पॅनिश सुरुवात. विदितने उंट बी५ वर नेला आणि प्रज्ञानंदने तिसऱ्याच खेळीला एफ-स्तंभातील प्यादे दोन घरे ढकलले. उच्च पातळीवर फार क्वचित दिसणारा, जोखमीचा समजला जाणारा हा प्रकार. आदल्या दिवशी ज्याने दुसऱ्याला चकित केले, तोच आज चकित झाला आणि डाव हरला. चौथ्या फेरीत इयान नेपोम्नियाचीविरुद्धही विदितचा पराभव झाला. चार दिवसांत शिखर आणि दरी दोन्ही. ज्यांनी मंडीतील भाव एका आठवड्यात चढता-उतरता पाहिले आहेत, त्यांना याचे फार नवल वाटणार नाही. पण २९ वर्षांच्या तरुणाने त्यानंतरही दहा फेऱ्या त्याच सभागृहात, त्याच प्रतिस्पर्ध्यांसमोर बसायचे असते, हे ध्यानात घ्यावे.

विदितचा जन्म १९९४ चा. आईवडील दोघेही डॉक्टर, घर नाशिकचे. २००८ मध्ये तो १४ वर्षांखालील गटाचा जगज्जेता झाला, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर. २०१७ मध्ये त्याने २७०० रेटिंगचा टप्पा ओलांडला. त्यापूर्वी तेथे पोहोचलेले भारतीय तिघेच होते, आनंद, शशिकिरण आणि हरिकृष्ण. पहिल्या जगज्जेतेपदापासून आव्हानवीरांच्या स्पर्धेपर्यंत पोहोचायला त्याला १५ वर्षे लागली. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आज पालक आपल्या सात वर्षांच्या मुलाला वर्गात घालतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच्याकडून चषकांची अपेक्षा करू लागतात.

टोरोंटोची पात्रता त्याने मिळवली ती २०२३ च्या ‘ग्रँड स्विस’ स्पर्धेत, आइल ऑफ मॅन येथे. तेथे पहिल्याच फेरीत तो हरला होता. त्यानंतरच्या दहा फेऱ्यांत त्याने साडेआठ गुण मिळवले आणि एकूण ११ पैकी ८.५ गुणांनी स्पर्धा जिंकली. दुसरा क्रमांक नाकामुराचा होता, म्हणजे टोरोंटोच्या त्या पटावरील दोघेही एकाच दरवाजाने आत आलेले होते. हे शक्य झाले ते स्विस पद्धतीमुळे. या पद्धतीत पराभूत खेळाडू बाहेर पडत नाही. प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात आणि एक फेरी बुडाली तरी खाते बंद होत नाही. आपल्याकडे शनिवार-रविवारी शाळांच्या सभागृहांत आणि मंगल कार्यालयांत होणाऱ्या मुलांच्या स्पर्धा बहुधा याच पद्धतीने होतात. लहान मुलांसाठी ती अधिक दयाळू पद्धत आहे. सकाळी नऊला हरलेले मूल संध्याकाळपर्यंत खेळत राहते.

बाद पद्धत याच्या अगदी उलट. तिचे गणित मात्र जैन वाचकांना विशेष जवळचे वाटेल. ‘षट्खंडागमा’वरील ‘धवला’ या टीकेत आचार्य वीरसेनांनी ‘अर्धच्छेद’ ही संकल्पना मांडली आहे. एखादी संख्या एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. आठचे तीन, चौसष्टचे सहा, १२८ चे सात. आजचे गणित ज्याला दोन पायाचा लॉगॅरिदम म्हणते, ती कल्पना नवव्या शतकातील या जैन ग्रंथात स्पष्टपणे आढळते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तिच्यात १०७ खेळाडू होत्या. वरच्या मानांकनाच्या २१ जणींना पहिल्या फेरीत सूट मिळाली; उरलेल्या ८६ जणींतून ४३ पुढे आल्या; ४३ आणि २१ मिळून ६४ झाल्या. सूट धरली तर जणू १२८ जणी. फेऱ्या किती? सात. स्पर्धेचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी ‘धवला’ वाचली असण्याची शक्यता नाही, परंतु हिशेब तोच आहे. त्या सात पायऱ्यांच्या शेवटी नागपूरची दिव्या देशमुख उभी होती. मानांकन पंधरावे, वय १९. अंतिम लढतीत तिने कोनेरू हम्पीला २.५ विरुद्ध १.५ गुणांनी हरवले. दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांत लागला, आणि तोही दिव्याकडे काळी मोहरी असताना. या विजयाने तिला ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. एरवी त्यासाठी २५०० रेटिंग आणि तीन निकष पूर्ण करावे लागतात.

महाराष्ट्रातील मुलींचा हा वारसा मात्र जुना आहे. वासंती, जयश्री आणि रोहिणी या मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासूनच्या पहिल्या दशकात महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद आपल्या घराबाहेर जाऊ दिले नाही. १९७६ मध्ये १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा त्यावर मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांपासून रोखता येणार नाही, असा निर्वाळा दिला. आज एखादी दहा वर्षांची मुलगी खुल्या गटात मुलांसमोर बसते, तेव्हा त्या एका हट्टाची फळे ती चाखत असते.

कोपरकडे वळू. डोंबिवली आणि दिवा यांच्या मधले हे स्थानक. खालच्या फलाटांवरून मुंबई आणि कल्याण, वरच्या फलाटावरून भिवंडीमार्गे वसई. कापडाच्या आणि गोदामांच्या कामासाठी रोज भिवंडीला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना हा वरचा फलाट परिचयाचा आहे. या भागात कोपर ते कल्याण बुद्धिबळाचे वर्ग वाढले आहेत आणि त्यांत व्यापारी घरांतील मुले पुष्कळ दिसतात. अशा घरांत हा खेळ शिरताना काही प्रश्न उभे राहतात. ते गंभीर आहेत आणि त्यांना हसण्यावारी नेऊ नये.

पहिला प्रश्न वडीलधाऱ्यांचा. सात व्यसनांत द्यूत पहिले. मग पट आणि सोंगट्या घरात कशाला? जुन्या पिढीची ही शंका निराधार नव्हती. सोंगट्यांचा खेळ फाशांवर, म्हणजे दैवावर चालतो आणि त्यावर पैसा लावला जातो. बुद्धिबळात फासे नाहीत. दोघांची सगळी मालमत्ता पहिल्या क्षणापासून उघड्यावर मांडलेली असते. पैज लावली तर कोणत्याही खेळाचे द्यूत होते, हेही तितकेच खरे. दुसरी एक सूक्ष्म शंका काही श्रावक-श्राविका बोलून दाखवतात: मूल दिवसभर ‘मारले, मारले’ म्हणते, त्याचे काय? भावहिंसेचा विचार करणाऱ्या समाजात ही शंका येणे स्वाभाविकच. ‘प्यादे घेतले’ हा शब्द मराठीत तितकाच रूढ आहे आणि घरात तोच वापरता येतो. लाकडी उंट डब्यात जातो आणि पुढच्या डावाला पुन्हा उभा राहतो.

दुसरा प्रश्न जेवणाचा, आणि व्यवहारात हाच सर्वांत अवघड ठरतो. दोन दिवसांच्या स्पर्धेत रोज तीन-चार फेऱ्या असतात. शेवटची फेरी लांबली की सूर्यास्त उलटून जातो. चौविहार पाळणाऱ्या मुलाला दुपारच्या फेरीनंतरच पोटभर खाऊन घ्यावे लागते, आणि भरल्या पोटी तिसऱ्या तासाला डोळे जड होतात. अनुभवी माता यावर उपाय काढतात: खाखरा, सुकामेवा, फेऱ्यांच्या मधल्या वेळेत थोडे थोडे. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात स्पर्धा आली तर ती सोडून द्यावी, हे बहुतेक घरांत ठरलेले आहे. एका स्पर्धेने काही बिघडत नाही. वर्षभर स्पर्धा होतच असतात.

या घरांना एक सोयही उपजत मिळालेली आहे. सामायिकाची ४८ मिनिटे एका आसनावर, बोलण्याविना बसण्याची सवय असलेल्या मुलाला पटासमोर बसणे तितके जड जात नाही. आव्हानवीर स्पर्धेत पहिल्या ४० खेळ्यांसाठी प्रत्येकाला १२० मिनिटे होती, म्हणजे बरोबर अडीच सामायिके. सामायिक आणि बुद्धिबळ यांची तुलना करणे योग्य नाही; एकात मन आवरायचे असते आणि दुसऱ्यात ते पूर्ण जुंपायचे असते. स्थिर बसण्याचा सराव मात्र दोन्हीकडे कामी येतो. खेळाचा आणखी एक नियम पेढीवर वाढलेल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. ज्या सोंगटीला हात लावला, ती खेळावीच लागते. दिलेला भाव फिरवता येत नाही, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेले असते.

तिसरा प्रश्न पैशाचा आणि भवितव्याचा. शिक्षकांचे शुल्क, प्रवेशशुल्क, प्रवास, संगणक, बाहेरगावी मुलासोबत राहणाऱ्या पालकाचा वेळ. हा खर्च हळूहळू वाढतो, एकदम नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. मार्च २०२४ पासून जागतिक संघटनेने रेटिंगची किमान पातळी १४०० केली. तेथपासून २५०० पर्यंतची वाट बहुतेक मुले पुरी करत नाहीत, करणारही नाहीत. हे आधीच मान्य करून मुलाला शिकवावे. दहावीच्या उंबरठ्यावर निर्णय घ्यावाच लागतो आणि तो आकड्यांवर घ्यावा: गेल्या दोन वर्षांत रेटिंग किती वाढले, मूल हरलेले डाव स्वतःहून पुन्हा मांडते का, की फक्त जिंकलेले दाखवते. दुसरी कसोटी पहिलीइतकीच विश्वासार्ह आहे. शिक्षक निवडतानाही पाहावे की तो सात वर्षांच्या मुलाला बर्लिन बचावाच्या वीस खेळ्या पाठ करायला लावतो, की आधी राजा-प्याद्याचे अंत्यडाव शिकवतो. पहिल्या प्रकारचे वर्ग सध्या जास्त चालतात, कारण पाठ केलेले ताबडतोब दिसते. विदितचा उंट पाहून कित्येक मुलांनी एच३ वर उंट फेकायला सुरुवात केली असेल. पण तो उंट जेथे पोहोचला, तेथपर्यंतच्या दहा खेळ्या आणि त्यानंतरच्या अठरा खेळ्या, हे सगळे मिळून तो डाव झाला होता.

खेळाच्या शिखरावरचे पैसेही एकदा नीट मोजून पाहावेत. टोरोंटोच्या खुल्या गटाची एकूण बक्षीस रक्कम पाच लाख युरो होती. पहिल्या तीन क्रमांकांना अनुक्रमे ४८ हजार, ३६ हजार आणि २४ हजार. आणि त्याशिवाय प्रत्येक खेळाडूला दर अर्ध्या गुणामागे ३,५०० युरो. आठ खेळाडूंच्या ५६ डावांचे ५६ गुण, म्हणजे तीन लाख ९२ हजार. त्यात वरचे एक लाख आठ हजार मिळवले की हिशेब पाच लाखांना जुळतो. या रचनेमुळे शेवटच्या फेरीपर्यंत, जिंकण्याची आशा संपलेल्यालाही, प्रत्येक डाव महत्त्वाचा राहतो. विदितचे १४ फेऱ्यांत सहा गुण झाले, क्रमांक सहावा, रक्कम ४२ हजार युरो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला या दोन्ही गटांत सुवर्ण मिळवले, तेव्हा खुल्या संघात चौथ्या पटावर विदित होता. महिला संघात दिव्या होती आणि त्या संघाचे कर्णधारपद पुण्याच्या अभिजित कुंटे यांच्याकडे होते.

टोरोंटोच्या स्पर्धेत मात्र विदित आणि नाकामुरा यांची आणखी एक भेट व्हायची होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे असा नियम होता. १४ एप्रिलला नवव्या फेरीत मोहऱ्यांची अदलाबदल झाली. या वेळी पांढरी विदितकडे. त्याच्याकडे आता उंटाचे गुपित राहिले नव्हते आणि नाकामुरा परतफेडीच्या तयारीने बसला होता. तोही डाव विदितने जिंकला. स्पर्धा संपली तेव्हा फॅबियानो कारुआना, नेपोम्नियाची आणि नाकामुरा तिघेही साडेआठ गुणांवर होते. चेन्नईच्या १७ वर्षांच्या डी. गुकेशचे नऊ गुण झाले होते, आणि जगज्जेतेपदासाठी डिंग लिरेनसमोर बसण्याचा हक्क त्याला मिळाला.